मदत हवी आहे: बाबांची कॅन्सरची गोळी परवडत नाही, नागपुरात काही सोय आहे का?

मानेवाडा
नमस्कार. बाबांना लंग कॅन्सर आहे, डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली आणि काम करतेय तोवर घेतच राहायची म्हणाले. महिन्याचा खर्च लाखांत जातो. पहिली स्ट्रिप आईच्या पाटल्या मोडून आणली, दुसरीचे पैसे मामांनी दिले, आता पुढचं काय ते कळत नाही आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही असं बजावून ठेवलंय. ट्रस्ट, स्वस्त दुकान, काहीही सांगा पण लवकर सांगा प्लीज. इन्शुरन्स नाही.

विदर्भवासी
ताई, गोळीचं नाव लिहाल की नाही? बाबांचं वय, रेशन कार्ड कोणतं, हॉस्पिटल सरकारी की प्रायव्हेट, घरात कोण कुठे नोकरीला, हे आल्याशिवाय काय सांगणार.

गंजीपेठ
सरळ दवाबाजारात या. रिटेलवाले दोन-पाच टक्क्यांवर बोळवण करतात, होलसेलला भाव करता येतो. माझ्या काकूची इमॅटिनिब (मूळ ब्रँड ग्लिव्हेक) आम्ही इथूनच नेतो, त्या ग्लिव्हेकचं पेटंट सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये नाकारलं, दुसऱ्या कंपन्यांचं जेनेरिक मस्त स्वस्त आहे. जेनेरिकच घ्या.

विदर्भवासी
काकूंचा ब्लड कॅन्सर असेल ना, ही लंगची केस आहे. नाव तर येऊ द्या आधी.

मानेवाडा
ऑसिमर्टिनिब ८०. बाबा ६४ वर्षांचे, कार्ड केशरी, हॉस्पिटल प्रायव्हेट. टेलरिंगचं दुकान होतं ते आजारपणात बंद झालं. मी शाळेत शिकवते, भाऊ बुटीबोरीला कंपनीत आहे. मशीनवर अजून कोणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाऊज पडलाय आणि बाबा म्हणतात दुकान विकून टाक पण गोळीसाठी घरावर कर्ज काढू नको. दुकान भाड्याचं आहे हो.

करसल्लागार_धंतोली
इन्कम टॅक्समध्ये गंभीर आजाराच्या खर्चाची वजावट घ्या. ज्येष्ठ नागरिकासाठी १ लाखापर्यंत मिळते, ऑन्कॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं. मात्र जुन्याच टॅक्स रिजीममध्ये, नव्यात नाही.

मानेवाडा
सर, मला टॅक्सच लागत नाही.

ढाका_रूट
माझ्या मित्राच्या वडिलांना हीच गोळी होती, बांगलादेशची मागवायचे, भाव ऐकून विश्वास बसणार नाही. व्यनि (खासगी मेसेज) करा, माणूस देतो.

सिस्टर_मेडिकल
कृपया असं कोणालाही सांगू नका. ना पक्कं बिल, ना इथली मंजुरी, आत काय भरलंय ते कोण तपासणार? २०२४ च्या मार्चमध्येच दिल्ली पोलिसांनी बनावट कॅन्सर औषधांचं रॅकेट पकडलं, इंजेक्शनच्या वापरलेल्या रिकाम्या बाटल्या भरून विकत होते. गोळीत औषध नसेल तर पेशंटला कळेपर्यंत गाठ वाढलेली असते.

ढाका_रूट
मॅडम, ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याने काय करायचं मग? तो मित्र काही हौसेने नव्हता मागवत.

सिस्टर_मेडिकल
हौसेने नाही हे मलाही कळतं भाऊ, रोज वॉर्डात हेच पाहून राहिले. म्हणून आधी हक्काचं आहे ते सगळं पदरात पाडून घ्यायचं. ताई, डॉक्टरांना सरळ विचारा की औषध कंपनीच्या पेशंट असिस्टन्स प्रोग्रॅममध्ये (पेशंटला औषधासाठी मदत करणारी योजना) नाव घालता का. फॉर्मवर त्यांची सही लागते, विचारल्याशिवाय बरेच डॉक्टर स्वतःहून सांगत नाहीत. आणि मिहानच्या एम्समध्ये अमृत फार्मसी (सवलतीत औषधं देणारं सरकारी दुकान) आहे, तिथे प्रिस्क्रिप्शन नेऊन भाव काढा.

गंजीपेठ
गेफिटिनिब का नाही देत? तीही लंगचीच, जेनेरिक आहे, कितीतरी स्वस्त पडते.

सिस्टर_मेडिकल
ते म्युटेशनच्या (गाठीच्या जनुकातल्या बदलाच्या) रिपोर्टवर आणि आधी काय दिलं होतं त्यावर ठरतं, दुकानात नाही. "स्वस्त पर्याय चालेल का" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर करा, पण मनाने बदलू नका.

विदर्भवासी
किमतीचं म्हणाल तर एमआरपी बघा. २०२४ च्या बजेटमध्ये ऑसिमर्टिनिबची कस्टम ड्युटी शून्य केली, नंतर जीएसटीही १२ वरून ५ टक्के झाला. बिलावर टॅक्स किती लावलाय ते वाचा.

काटोल_रोड
फुले जनआरोग्य योजनेत ५ लाख मिळतात, एवढं काय डोकं लावून राहिले सगळे!

सिस्टर_मेडिकल
५ लाख हे कुटुंबाचं वर्षाचं कव्हर आहे, आत पॅकेज ठरलेली असतात. घरी खायची महागडी गोळी बसेलच असं नाही. योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (तिथे योजनेची मदत करणारा माणूस) औषधाचं नाव दाखवूनच विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीलाही अर्ज करता येतो, उत्पन्नाचा दाखला १ लाख ६० हजारांच्या आतला लागतो, पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, भरून झालेलं बिल परत मिळत नाही. तुकडोजी हॉस्पिटल रीजनल कॅन्सर सेंटर आहे, तिथून केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य निधीचा मार्ग असतो, पण त्या निधीला दारिद्र्यरेषेची अट आहे, केशरी कार्डावर अवघड.

भंडारा_वैद्य
माझ्याकडे काढा आहे, सोबत चालतो.

सिस्टर_मेडिकल
नाही चालत. या गोळीसोबत काहीही घ्यायचं तर डॉक्टरांना दाखवून, ती हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते.

विदर्भवासी
ताई, भाऊ बुटीबोरीला म्हणालात, पगार २१ हजारांच्या आत आहे का? पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापलेलं दिसतं का? आई-वडील अवलंबून असतील आणि त्यांचं उत्पन्न महिना ९ हजारांच्या वर नसेल तर तेही त्यात येतात. कॅन्सर तिथे कव्हर आहे, रेफर करून पाठवतात, औषधही त्यांच्यामार्फतच. भावाची नोकरी किती दिवसांची ते बघतील.

मानेवाडा
आत्ता त्याच्या मोबाईलवर स्लिप उघडायला लावली. सव्वाशेच्या आसपास कापलेत दर महिन्याला, तो म्हणतो मला वाटलं पीएफसारखंच काहीतरी असेल. तीन वर्षं झाली त्याला. त्याच्या ईएसआयसी कार्डावर बाबांचं नावच नाही चढवलेलं. एचआरला सांगितलं तर होईल का? आणि एप्रिलमध्ये पगार वाढणार आहे त्याचा, २१ च्या वर गेला तर बंद होणार का सगळं?

विदर्भवासी
एचआरला आजच मेल करायला सांगा, बाबांचं आधार आणि फोटो लागेल. ई-पहचान कार्डवर (ईएसआयसीचं कार्ड) नाव आलं की प्रिंट, बायोप्सी, म्युटेशनचा रिपोर्ट, सगळी प्रिस्क्रिप्शन घेऊन 'सोमवारी पेठ' भागातलं ईएसआय हॉस्पिटल गाठा. पगाराचं म्हणाल तर एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ईएसआयसीचे वर्गणीचे काळ असतात, मध्येच २१ च्या वर गेला तर तो काळ संपेपर्यंत कापणं चालू राहतं. पण वाढ नेमकी एप्रिलपासूनच लागली तर प्रकरण वेगळं, म्हणून एचआरला वाढ कोणत्या तारखेपासून धरणार तेही विचारून घ्या. आत्ता घरात किती गोळ्या शिल्लक आहेत?