सरकारने माफी मागितली, मग पुढे? विश्वास बसतो का परत?

तळजाई_वॉकर
आमच्या सहकारनगरच्या वाचनगटात दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगावरून (वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणारा) जाम वाजलं. एक काका म्हणे आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू, त्यांनी देश वाचवला, विषय संपला. मला नाही पटलं. १९९६ पासून सुनावण्या, सगळं खरं सांगितलं तर गुन्हा माफ, सात हजारांवर अर्ज आले त्यातले साडेआठशेच्या आसपास मंजूर, इथपर्यंत ठीक, पण ज्यांचे नाकारले त्यातल्या बहुतेकांवर पुढे खटलेच झाले नाहीत आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्या हातावर २००३ मध्ये एकदाच ३०,००० रँड. आता या माणसाने उद्या पोलीस स्टेशनला कशाच्या भरवशावर जायचं? खरंच विश्वास परत आला असं एखादं उदाहरण आहे का?

बाकरवडी_४११०३०
जपानी वंशाचे अमेरिकन. १९४२ ला सव्वा लाखाच्या आसपास लोक उचलून छावण्यांत टाकले, बहुतेक जन्माने तिथलेच नागरिक. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि माफीचं पत्र. पण पैशाआधी आयोगाने साडेसातशेवर लोकांच्या साक्षी घेतल्या आणि अहवालात सरळ लिहिलं की लष्करी गरज वगैरे काही नव्हती, वंशद्वेष होता, युद्धज्वर होता आणि नेते कमी पडले. 'झालं ते वाईट झालं' असलं मोघम नाही, ते आवडलं आपल्याला.

खवचट_पेठकर
आणि अमेरिकेतलाच टस्कीगीचा सरकारी वैद्यकीय प्रयोग? १९३२ ते १९७२, सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या माणसांना उपचार चालू आहेत असं सांगून नुसतं बघत बसले, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. राष्ट्राध्यक्षांची माफी १९९७ ला, तोवर उरले होते आठ जण. असली माफी कोणासाठी असते? बाकी आजोबांच्या पापाचा हप्ता नातवाने का भरायचा हेही मला कळत नाही, शिव्या घाला खुशाल.

पालावरची_शाळा
शिव्या नाही, एक तारीख देते. वंश वेगळा, जात वेगळी, सरमिसळ करत नाहीये. पण इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, रोज हजेरी, सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका झाली, पण सराईत गुन्हेगारांचा कायदा १९५९ ला आलाच की मागून. आणि आज विमुक्तांच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, पोराला जातीचा दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा आणा म्हणतात. ज्यांना कोणी गावात टिकू दिलं नाही ते कुठला उतारा आणणार? हा नियम आजोबांचा नाही हो पेठकर, आत्ताचा आहे. कुठे चोरी झाली की पहिली गाडी आजही पालावरच येते.
आमच्याकडे फरक पडला तो एका साहेबांमुळे. स्वतः पालावर आले, खाली बसून म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, गृहचौकशी लावली, म्हणजे कागद नाहीत तर वस्तीवर येऊन चौकशी, पोरांना दाखले मिळाले. त्यानंतर बायका रेशनकार्डासाठी आपल्या आपण ऑफिसात जायला लागल्या, आधी मला ओढून न्यावं लागायचं. साहेबांची बदली झाली, नवीन आलेत ते पुन्हा कागदच मागतात.

खवचट_पेठकर
१९६१ चं माहीत नव्हतं. पण मग एका साहेबावरच सगळं अवलंबून म्हणायचं का?

पालावरची_शाळा
सध्या तरी हो. गृहचौकशीची सोय नियमात आहे, पण प्रांत ऑफिसात कोणी आपणहून सांगत नाही, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी लागते. तुमची खवचट भाषा तिथे उपयोगी पडेल, शनिवारी अर्ज लिहायला बसतोय आम्ही, या.