बारावीनंतर थेट ‘ॲस्ट्रोफिजिक्स’ची पदवी, की आधी साधं बी.एस्सी. फिजिक्स?

पाषाणकर
भाचीची बारावी झाली. तिला खगोलशास्त्रच करायचंय. टेबलावर दोन माहितीपत्रकं आहेत. एक खासगी विद्यापीठाच्या बी.एस्सी. ॲस्ट्रोफिजिक्सचं, मुखपृष्ठावर कृष्णविवर. दुसरं पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या बी.एस्सी. फिजिक्सचं, मुखपृष्ठावर प्राचार्य. मी फिजिक्स शिकवतो आणि माझं मत स्पष्ट आहे: प्राचार्यांचं घ्यावं.

का, ते एका उदाहरणाने सांगतो. ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या बामर रेषा (दुसऱ्या ऊर्जापातळीवरच्या इलेक्ट्रॉनमुळे उमटणाऱ्या) सगळ्यात ठळक दिसतात त्या सुमारे दहा हजार केल्विनच्या, ए वर्गाच्या ताऱ्यांत. आपल्या सूर्यात त्या फिक्या, आणि ओ वर्गाच्या रखरखीत ताऱ्यांतही फिक्याच. हायड्रोजन तर सगळीकडे भरपूर आहे! थंड ताऱ्यात इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीपर्यंत फारसे चढत नाहीत, आणि फार तापलेल्यात ते अणूला सोडूनच जातात. किती चढले आणि किती सुटले याचा हिशेब मांडायला बोल्ट्झमनचं वितरण लागतं आणि मेघनाद साहांचं १९२० सालचं समीकरण लागतं. हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यास आहे. तो पहिल्या वर्षाला ढकलला की मुलं ताऱ्यांचे तप्त ते थंड वर्ग, ‘ओ बी ए एफ जी के एम’, घोकतात आणि त्यालाच ॲस्ट्रोफिजिक्स समजतात.

शिवाय पुढे एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्या नाहीतर पीएचडीसाठी ‘जेस्ट’, पेपर फिजिक्सचाच असतो. नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरसुद्धा मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून फिजिक्स शिकूनच केंब्रिजला गेले.

रोहिणी_नक्षत्र
चंद्रशेखरांना मध्ये आणू नका हो. एकोणिसाव्या वर्षी बोटीच्या प्रवासात श्वेत बटूंच्या (इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्यांच्या) वस्तुमानाला मर्यादा असते असं गणित मांडणारा माणूस कुठेही शिकला असता. प्रश्न तुमच्या-आमच्या पोरींचा आहे.

मी फिजिक्सच केलंय. तीन वर्षं न्यूटनची वलयं, पोटेन्शिओमीटर आणि सीनियरचं जर्नल उतरवून घेतलेल्या सह्या. खगोलशास्त्र तिसऱ्या वर्षी ऐच्छिक होतं, पण पुरेशी नावं आली नाहीत म्हणून सगळ्यांना इलेक्ट्रॉनिक्समध्ये बसवलं. विभागात दुर्बीण होती. कपाटात. चावी ज्या सरांकडे, ते निवृत्त झालेले. आकाशासाठी आलेल्या आम्हा चौघींपैकी दोघी आज बँकेत आहेत.

तुमचंच उदाहरण उलटं वापरा की. ए ताऱ्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी टाका आणि सांगा, उत्तर तिसऱ्या वर्षी मिळेल. मग बघा पोरं थर्मोडायनॅमिक्स कशी वाचतात. खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात साहांचंच समीकरण लावून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. ही गोष्ट फिजिक्सच्या वर्गात मला कुणी सांगितली नाही.

पाषाणकर
असं शिकवणारा अभ्यासक्रम दाखवा, मी स्वतः भाचीची फी भरतो. या माहितीपत्रकात पहिल्याच सत्रात ‘विश्वाची उत्पत्ती’ आहे आणि कलनशास्त्राला जेमतेम एक पेपर. नाव सोनूबाई!

थंडीतली_आई
आम्ही स्कॉटलंडमध्ये असतो. मुलगा एडिनबरा विद्यापीठात ॲस्ट्रोफिजिक्स करतोय. पदवीचं नाव वेगळं, पण पहिली दोन वर्षं ॲस्ट्रोनॉमीचा थोडा भाग सोडला तर फिजिक्सच्या मुलांबरोबर तीच व्याख्यानं, तेच गणित. विभागही एकच. ऑनर्सची पदवी चार वर्षांची, त्यामुळे पाया भरायला वेळ मिळतो, आणि मन बदललं तर फिजिक्सकडे वळता येतं. तेव्हा नावावर भांडू नका. दुसऱ्या वर्षानंतर साध्या फिजिक्सला जाता येईल का, हे आधी लेखी विचारून घ्या. (फी विचारू नका, आम्ही इथले रहिवासी म्हणून निभावलं.)

जुन्नरचा_वायरमन
सर, मॅडम, दोघंही संशोधकच घडवायला निघालात. आमच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या चालवायला रिसीव्हर, मोटारी, फायबर, संगणक हे सगळं सांभाळणारी माणसं लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो होतंय, २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आत निर्वात, लेसर. त्या पोरांना कृष्णविवराचं पोस्टर नको, निर्वात पंप कसा चालतो ते हवं. तालुक्याच्या कॉलेजातली फिजिक्सची लॅब नीट करा, निम्मं भांडण मिटेल.

रोहिणी_नक्षत्र
लॅबबद्दल +१. पण आकाशही लॅबच आहे ना? ऊटीची रेडिओ दुर्बीण घ्या. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, डोंगराच्या उतारावर मुद्दाम उत्तर-दक्षिण बसवलेली. उतार सुमारे ११ अंशांचा, आणि तिथला अक्षांशही तेवढाच. त्यामुळे दुर्बिणीचा लांब आस पृथ्वीच्या आसाला समांतर होतो आणि एकाच आसाभोवती फिरवून एखादा स्रोत नऊ तासांहून जास्त वेळ धरून ठेवता येतो. माझी एक विद्यार्थिनी तिथे उभी राहिली आणि ‘अय्या, एवढंच?’ म्हणाली. खगोलीय गोलाचे माझे चार तास त्या एका वाक्यात निकालात निघाले. हे सुट्टीतल्या शिबिरात निवड झालेल्या मूठभरांनाच का मिळावं? पदवीतच हवं.

पाषाणकर
पदवीत हवं, मान्य. पण तोवर भाचीने काय करायचं? फिजिक्स करता करता एनसीआरए आणि आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थांच्या हिवाळी शिबिराला अर्ज करावा. जीएमआरटीची जुनी निरीक्षणं खुली आहेत, पायथन येत असेल तर घरी बसून हाताळावीत. प्लायवूड, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि टीव्हीचा स्वस्त डोंगल यांतून हॉर्न अँटेना करून मुलं आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा १४२० मेगाहर्ट्झचा संकेत पकडतात. त्याला कृष्णविवराच्या मुखपृष्ठाची फी पडत नाही.

रोहिणी_नक्षत्र
म्हणजे पदवी तुमची आणि शिक्षण तिचं तिनेच करायचं.

पाषाणकर
शनिवारी त्या विद्यापीठात जातोय. दुर्बिणीची नोंदवही मागणार आहे. गेल्या हिवाळ्यात कोणत्या रात्री, कोणत्या मुलांनी, काय पाहिलं? वही दाखवली नाही तर विषय संपला.

रोहिणी_नक्षत्र
जरूर मागा. आणि सोमवारी तीच वही प्राचार्यांकडेही मागा.