माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतोय

बी-३०४ : नमस्कार, कुणाला कॉम्प्युटरमधलं नीट कळतं का? घरून काम करते तर लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडलेत, एक जुना २२ इंची फुल एचडी आणि एक दिवाळीत घेतलेला २७ इंची ४के, आणि दिवाळीपासून सगळं इतकं स्लो झालंय ना की माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतो, एक्सेल स्क्रोल केलं तरी धक्के. २० तारखेपर्यंत नऊ क्लायंटचे जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचेत 🙏

ए-१०२ : व्हायरस. फॉरमॅट मारा. माझ्याकडे सीडी आहे.

सी-५०१ : काका आताच्या लॅपटॉपला सीडी घालायला भोक तरी असतं का 😄

सेक्रेटरी : कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय टाकावेत.

बी-३०४ : साहेब, सोसायटीचे हिशोब याच लॅपटॉपवर आहेत.

सेक्रेटरी : मग चालू द्या.

डी-२०३ : ताई फॉरमॅट वगैरे काही करू नका आधी. मला सांगा दोन्ही स्क्रीनवर स्लो आहे की फक्त नव्या? एखादी विंडो पकडून या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर गोल गोल फिरवून बघा.

बी-३०४ : अगंबाई! जुन्यावर लोण्यासारखी जातेय आणि नव्यावर गेली की अडखळते. इतके दिवस लक्षातच नाही आलं कारण मी सगळं काम नव्यावरच करते.

डी-२०३ : म्हणजे मुख्य दुखणं लॅपटॉपचं नाहीच. डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, खाली अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे वर नवा मॉनिटर निवडा आणि रिफ्रेश रेट वाचून सांगा.

बी-३०४ : ३० हर्ट्झ. जुन्याला ६० दिसतंय.

डी-२०३ : सापडला चोर. नव्याची वायर लॅपटॉपला कशी जोडलीय?

बी-३०४ : लॅपटॉपला एचडीएमआय एकच आहे, त्यात जुना आधीपासून होता तो तसाच ठेवला आणि नव्यासाठी टाइप-सी मधून एचडीएमआय काढणारा छोटा डोंगल ऑनलाइन मागवला, स्वस्तातला.

डी-२०३ : तोच. बऱ्याच स्वस्त डोंगलमधून ४के फक्त ३० हर्ट्झने जातं, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. म्हणजे स्क्रीन सेकंदाला ३० वेळाच बदलते, त्यामुळे माउस मागे राहिल्यासारखा वाटतो, मग प्रोसेसर कितीही भारी असू दे. ४के म्हणजे फुल एचडीच्या बरोब्बर चौपट ठिपके, ८३ लाखाच्या आसपास, आणि अशा डोंगलमधल्या जुन्या एचडीएमआय १.४ ची नळीच तेवढी बारीक, ४के ६० ला २.० लागतं. फुल एचडी मात्र त्याच बारीक नळीतून ६० ने आरामात जातं, म्हणून फक्त अदलाबदल करा, जुना मॉनिटर डोंगलवर आणि नवा थेट लॅपटॉपच्या एचडीएमआयला. वायर मात्र नव्या मॉनिटरच्या खोक्यात आलेली वापरा, माळ्यावरची नको.

ए-१०२ : एवढ्याने काय होणार. रॅम वाढवा.

बी-४०१ : आमच्याकडे उलटाच प्रकार झालेला, मुलाने हट्टाने ग्राफिक्स कार्ड घ्यायला लावलं आणि मॉनिटरची वायर लावली मदरबोर्डच्या भोकात, दोन महिने गेम अडकतो म्हणून रडत होता, कार्ड बिचारं आत नुसतं बसून. वायर खाली कार्डात लावली आणि झालं 🤦

बी-३०४ : झालंऽऽ!! बदललं, तरी आधी ३० च दाखवत होतं पण त्याच यादीत ६० होतं ते निवडलं आणि आता काय सांगू, नवा लॅपटॉप घेतल्यासारखं वाटतंय 😍 स्लो चालतोय बघून यांनी तर ४० हजारांचा एक नवा मॉडेल काढून ठेवला होता.

बी-३०४ : फक्त मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की पंखा अजून गिरणीसारखा वाजतो आणि सगळं जड होतं.

डी-२०३ : कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी. किती टक्के? आणि खाली स्लॉट किती वापरलेत ते पण.

बी-३०४ : ९१ टक्के. ८ जीबी. २ पैकी १ स्लॉट.

डी-२०३ : इथे मात्र काकांचं बरोबर आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की दोन्ही स्क्रीनची चित्रं ठेवायलाही त्याच रॅममधून जागा जाते, आणि एकाच पट्टीवर वेगही कमी मिळतो. आहे त्याच प्रकारची ८ ची दुसरी पट्टी टाका, दोन्ही मिळून काम करतील. तोपर्यंत ब्राउजरचे टॅब आवरा, आणि मागून गरम हवा बाहेर जाते तिथली धूळ काढा.

ए-१०२ : बघा, मी म्हणालो होतो. रॅम माझ्याकडे पडून आहे जुन्या पीसीची, घेऊन जा.

डी-२०३ : काका ती डेस्कटॉपची लांब पट्टी, लॅपटॉपमध्ये मावणारच नाही 🙏

ए-१०२ : This message was deleted असं कसं करतात?

सेक्रेटरी : ३०४, लॅपटॉप फास्ट झाल्याबद्दल अभिनंदन. आता मेंटेनन्सची थकबाकीची यादी आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकता येईल.

सी-५०१ : ताई तो डोंगल परत लावता का जरा 😅