स्टॉर्म डोअर ढिलं झालंय, नवीन न घेता घट्ट कसं करू?

ओसरी:
मुख्य दाराबाहेरचं काचेचं अ‍ॅल्युमिनियमचं स्टॉर्म डोअर वरच्या बिजागरीकडून सुटायला लागलंय. वारा सुटला की रात्रभर खडखड, आणि खाली उंबऱ्याला घासतं. वरचे स्क्रू पिळले तर नुसते गरागरा फिरतात. नवीन दार घ्यायचं नाहीये, स्क्रू-बिक्रूपुरताच खर्च. ड्रिल आहे घरी.

काचमहाल:
नवीनच घ्या. आम्ही अख्ख्या काचेचं घेतलं, जाळी वरच्या वर गुंडाळली जाते, इतका उजेड येतो की येणारा प्रत्येक जण विचारतो कुठून घेतलं.

पेचकस:
त्या नवीन नको म्हणतायत ना. ताई, भोकातले आटे गेलेत. स्क्रू काढा, भोकात लाकडाचा गोंद घालून गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून बसवा, रात्रभर वाळू द्या, मग तोच स्क्रू पिळा. आमच्या कपाटाची दारं अशीच केलीत, पक्की आहेत.

रंधा:
कपाटाच्या दाराला वारा लागत नाही हो. इथे ३ इंची लांब स्क्रू लागतो, बाहेरच्या पट्टीतून आरपार मागच्या पक्क्या लाकडात गेला पाहिजे. आधी बारीक ड्रिल मारा आणि शेवटचे आटे हातानेच पिळा, जास्त आवळलं तर पट्टी वाकते आणि दार अडकतं.

पेचकस:
लाकूड मागे किती आत आहे ते न बघता ३ इंच कशाला सांगता?

काचमहाल:
म्हणूनच म्हटलं नवीन घ्या, बसवणारे हे सगळं तेच बघतात.

सावलीतला:
अख्खी काच घेताना ऊन बघा बरं का. दुपारचं ऊन थेट येत असेल तर दोन दारांमध्ये हवा तापते, आमच्या आतल्या दाराची प्लास्टिकची पट्टी वाकडी झाली.

आजोळ:
मूळ विषयावर बोलूया का. स्क्रू सुटले कशाने ते आधी शोधा. बहुतेक वेळा वारा दार उघडून जोरात फेकतो, तो झटका बिजागरीवर येतो. वरची स्प्रिंगची साखळी आहे का? क्लोजरच्या, म्हणजे दार आपोआप मिटवणाऱ्या नळीच्या टोकाला स्क्रू असतो तो पाव-पाव फेरा फिरवून बघा, दार सावकाश मिटायला हवं. आणि पेचकसाचं टोक लाकडात खुपसून बघा, भसकन आत गेलं तर कुजलंय, मग काड्या नाहीत आणि लांब स्क्रूही नाही.

नवाभिडू:
मला वाटतं लांब स्क्रू घाला किंवा काड्या घाला.

ओसरी:
सगळ्यांचे आभार. लाकूड कडक आहे, साखळी मात्र तुटलेली निघाली, आजोळकाका तुमचं बरोबर होतं. पण जुनी भोकं मी वापरतच नाहीये. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत जुन्या भोकापासून इंचभर खाली नवीन भोकं पाडणार, तिथलं लाकूड कोरं आहे, नेहमीचेच स्क्रू धरतील. दाराखाली पाचर घालून ते उचलून धरणार, मगच पिळणार, म्हणजे घासणंही जाईल. जुन्या भोकांत सीलंट भरते, पाणी शिरायला नको. साखळी उद्या आणते.

काचमहाल:
पट्टीत भोकं पाडलेलं दार नंतर कोणी विकत घेत नाही, सांगून ठेवतो.