शब्दचर्चा : ‘सस्पेन्स’ला ‘रहस्य’ म्हणावे काय?

प्रश्न (खानापूर) :

आमच्या वाचनालयात एका लेखकाने दुसऱ्या लेखकाच्या पुस्तकांविषयी केलेली शिफारस मराठी करून फलकावर लावण्याचा प्रघात आहे. या वेळी ग्रॅहम ग्रीन यांचा मजकूर निवडला आहे. स्वतः हेरकथा आणि थरारकथा लिहिणाऱ्या ग्रीन यांनी अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहाला प्रस्तावना लिहिली आणि हायस्मिथ या भीतीच्या नव्हेत, तर ‘अ‍ॅप्रिहेन्शन’च्या (पुढे काही वाईट घडेल या काळजीच्या) ‘पोएट’ आहेत, असे तीत म्हटले. आमच्या एका सहकाऱ्यांनी यासाठी, ‘सस्पेन्स’ म्हणजेच ‘रहस्य’ असे धरून, ‘रहस्यकथांच्या भयकवयित्री’ असा मथळा सुचवला आहे. तो मला पटत नाही, परंतु त्याऐवजी काय लिहावे हेही सुचत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव) :

आपल्याला मथळा पटत नाही याला दोन कारणे असावीत, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिले ‘रहस्य’ या शब्दाचे. रहस्य म्हणजे लपवलेली गोष्ट. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापासून मराठी वाचकाच्या मनात रहस्यकथेचा जो साचा बसला आहे, त्यात गुन्हा आधी घडतो आणि तो कोणी केला हे लेखक शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकून ठेवतो. हायस्मिथ बहुधा असे काही झाकत नाहीत. त्यांच्या १९५० सालच्या पहिल्या कादंबरीत आगगाडीत भेटलेल्या दोन अनोळखी माणसांपैकी एक जण दुसऱ्याला खुनांची अदलाबदल करण्याचा प्रस्ताव देतो. पुढे कोण काय करतो हे वाचकाला दिसत असते, दिसत नाही ते पोलिसांना आणि घरच्यांना. त्यामुळे ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न वाचकापुढे नसतोच. ‘हे आता उघडे पडणार काय?’ या एकाच प्रश्नावर तो पानामागून पान उलटत राहतो. या अवस्थेला मराठीत शब्द नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण ‘जीव टांगणीला लागणे’ याहून नेमके काय हवे? ‘सस्पेन्स’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही टांगणे असाच आहे. अडचण एवढीच की हा वाक्प्रचार आहे, त्याचे नाम होत नाही. कपाटावर ‘टांगणीकथा’ अशी चिठ्ठी लावली तर वाचक हसतील.

दुसरे कारण ‘भय’. मराठीत भयकथा म्हटले की नारायण धारपांची आठवण होते आणि मन अमानवी, अघोरी गोष्टींकडे वळते. हायस्मिथ यांची ओळख ज्या कादंबऱ्यांमुळे आहे, त्यांत भुते नाहीत. शिवाय ग्रीन यांनी भीती हा शब्द मुद्दाम बाजूला सारला आहे. लंडनवरील बॉम्बवर्षावाचा अनुभव सांगून ते म्हणतात की भीती काही काळाने गुंगी आणते, थकवून झोपवते. ‘अ‍ॅप्रिहेन्शन’ मात्र हळूहळू, सतत आणि सुटका न देता नसा कुरतडत राहते. हे वाचल्यावर मला एकच शब्द आठवतो, तो म्हणजे ‘धास्ती’. भीती वाटते, बसते आणि सवयीने मोडतेही. धास्ती माणूस घेतो आणि ती घेऊन वावरतो. ‘पोराने परीक्षेची धास्ती घेतली आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा परीक्षा अजून व्हायची असते. जवळचा ‘धसका’ बहुधा घडून गेलेल्या गोष्टीचा असतो. एकदा घरात पाणी शिरले की मलप्रभेकाठच्या माणसाला नदीचा धसका बसतो. पुढच्या वर्षी आभाळ भरून आले की त्याला वाटते ती धास्ती.

शंका (निपाणी) :

‘धास्ती’ नेमका आहे, मात्र फलकासाठी फार घरगुती वाटतो. ‘उत्कंठा’ का नको? ‘उत्कंठावर्धक’ हे विशेषण कादंबऱ्यांच्या मलपृष्ठांवर रुळलेले आहे. शिवाय शाकुंतलात ‘यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं संस्पृष्टमुत्कण्ठया’ असे कण्व म्हणतात, तिथे उत्कंठेत हुरहूर आणि काळजी दोन्ही आहेत.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव) :

कालिदासाचा दाखला चोख आहे, पण तो संस्कृताचा. आजच्या मराठीत उत्कंठा हव्याशा गोष्टीची असते. निकालाची, सामन्याची, परदेशातून येणाऱ्या नातवाची उत्कंठा असते. वाईट बातमीची उत्कंठा कोणाला असल्याचे मी ऐकलेले नाही. कथानक पुढे काय वळण घेते एवढेच सांगायचे असेल तर हा शब्द चालतो. हायस्मिथ यांच्या वाचकाला मात्र नको असलेल्या गोष्टीची वाट पाहावी लागते, आणि कित्येकदा गुन्हेगार पकडला जाऊ नये असेच त्याला वाटू लागते, जे त्याचे त्यालाच बरे वाटत नाही. हे ‘उत्कंठे’त मावत नाही. मलपृष्ठांवरच्या अतिवापराने तो शब्द झिजला आहे, हा आणखी एक दोष. आणि घरगुतीपणाचे म्हणाल तर हायस्मिथ यांची धास्तीही घरातच, जेवणाच्या टेबलाशी आणि पाहुण्यांच्या खोलीत घडते.

पुरवणी (शहापूर, बेळगाव) :

आपल्या भागातील फलक कन्नड वाचकही वाचतात, म्हणून एक सावधगिरी. कोणी ‘आतंक’ सुचवील. कन्नडमध्ये आतंक म्हणजे काळजी, मनाची घालमेल; त्यामुळे ग्रीन यांच्या शब्दाला तिथे तो अगदी जवळचा आहे. मराठीत मात्र हिंदी बातम्यांच्या प्रभावामुळे आतंक म्हटले की दहशतच डोळ्यांपुढे येते. एकाच फलकापुढे उभे असलेले दोन वाचक त्या शब्दाचे दोन अर्थ घेऊन जातील. ‘पत्तेदारी कादंबरी’चेही तसेच आहे. कन्नडमध्ये पत्ते लावणे म्हणजे छडा लावणे, म्हणून पत्तेदारी म्हणजे गुप्तहेराची कथा. कन्नड न येणाऱ्या पाहुण्याला ती पत्त्यांच्या डावावरची वाटेल. ‘कादंबरी’ आणि ‘शिफारस’ हे शब्द तेवढे दोन्हीकडे निर्धास्तपणे चालतात, कन्नडमध्ये शेवटी ‘शिफारसु’ होते इतकेच.

प्रश्नकर्ता (खानापूर) :

सर्वांचा आभारी आहे. ‘धास्ती’ स्वीकारतो. ‘सस्पेन्स’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवतो, कारण वाचक तो वापरतातच. ‘धास्तीच्या कवयित्री’ असे लिहिल्यास मात्र कोणी हायस्मिथ यांचा काव्यसंग्रह मागेल, अशी शंका राहते.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव) :

शंका योग्य आहे. मराठीत ‘कवयित्री’ हा शब्द आलंकारिक अर्थाने फारसा वापरला जात नाही. मथळ्यात ‘भीती नव्हे, धास्ती : हायस्मिथ यांच्या कथांविषयी ग्रॅहम ग्रीन’ एवढेच लिहावे आणि कवित्वाचा उल्लेख खालच्या मजकुरात, त्या गद्य लेखिका आहेत हे सांगून करावा.