मदत हवी आहे: आखाड्याचे पत्रे बसवायला बॅटरीवरचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा का?

आखाड्यावरचा

नमस्कार मंडळी. मी परभणीला राहतो, गाव जिंतूर तालुक्यात. मागच्या पंधरवड्यात अवकाळी वारं सुटलं, त्यात आमच्या आखाड्याचे, म्हणजे शेतातल्या शेडचे, चार पत्रे उडाले. एक तर थेट शेजाऱ्याच्या उसात सापडला. जुने पत्रे जे-हुकांवर होते, काही ठिकाणी नुसते वर दगड ठेवलेले. आता चौकोनी पाईपचा नवीन सांगाडा वेल्डिंग करून घेतला आहे, २६ पत्रेही आणून टाकलेत. पण पत्रे बसवणारा मिस्त्री तीनदा 'उद्या येतो' म्हणाला आणि आला नाही. त्याचा तरी काय दोष, सगळ्या शिवाराचेच पत्रे उडालेत.

मृगाआधी छप्पर झालंच पाहिजे, नसता सोयाबीनचं बियाणं आणि खत ठेवायचं कुठं? म्हणून ठरवलं, आपणच मशीन घेऊ. आखाड्यावर थ्री फेज लाईट आळीपाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री, त्यामुळं वायरचं मशीन बिनकामाचं.

दुकानात जाऊन 'इम्पॅक्ट दाखवा' म्हणालो. त्यानं तीन वेगवेगळी मशीनं काउंटरवर मांडली आणि तिन्हींना इम्पॅक्टच म्हणाला! एकाला गोल जबडा, एकाला बारीक सहाकोनी भोक, एकाला पुढं चौकोनी लोखंड. एका स्वस्तातल्या मशीनवर तर '१२८' असा आकडा छापलेला, म्हणे सगळ्यात ताकदवान हेच. गोंधळून रिकाम्या हातानं परत आलो.

पत्र्यांशिवाय घरची कामंही आहेत. दाराच्या बिजागऱ्या, कोठ्याच्या (गुरांच्या गोठ्याच्या) फाटकाचे बोल्ट, परभणीच्या घरी भिंतीवर टीव्ही. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट निघाले तर सोन्याहून पिवळं. बजेट १० हजार, ओढूनताणून १२. काय घ्यावं?

लोखंडी_माणूस

त्या दुकानदारानं तुम्हाला फसवलं नाही, नावांचाच घोळ आहे. तिन्हींत 'इम्पॅक्ट' आहे, पण मार वेगवेगळ्या दिशेचा.

गोल जबड्याचं म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि बिट पुढं-मागं हादरतं. मार समोर, भिंतीकडं. वीट, प्लास्टर यासाठी ठीक.

बारीक सहाकोनी भोकाचा तो इम्पॅक्ट ड्रायव्हर. यात मार समोर नाही, फिरण्याच्या दिशेनं बसतो. आत एक हातोडी आणि एक ऐरण असते. स्क्रू सैल आहे तोवर दोन्ही एकत्र फिरतात. स्क्रू अडला की हातोडी स्प्रिंग दाबत मागं सरकते, ऐरणीवरून निसटते आणि पुढच्या क्षणी पुन्हा आदळते. मिनिटाला तीन हजारांच्या आसपास असे ठोके. तो 'टर्रर्र' आवाज त्याचाच. फायदा असा की झटका मनगटाला पिरगाळत नाही. साध्या ड्रिलनं मोठा स्क्रू अडला की हातच फिरतो, हे ज्यानं अनुभवलंय त्याला कळेल.

चौकोनी लोखंडाचं ते इम्पॅक्ट रेंच. गाडीच्या नटांसाठी.

तुमचं काम पत्र्याचं, म्हणजे मधलं मशीन. टीव्हीची भिंत त्यानं होणार नाही, हे आधीच मनातून काढा. कोणी 'होतं की' म्हणालं तरी ऐकू नका.

वाऱ्यावरची_वरात

दोन दिवसांच्या कामाला १० हजारांचं मशीन? पत्रे बसवून झाले की ते कपाटात पडून बॅटरी मरणार. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन दिवस भाड्यानं आणा, चहापाणी करा, विषय संपला. आमच्याकडं घराघरात एक 'घेऊन ठेवलेलं' मशीन आहे. लोकांना काम कमी आणि मशीनची हौस जास्त.

आखाड्यावरचा

@वाऱ्यावरची_वरात, भाऊ, फॅब्रिकेशनवाला मशीन देईल, पण त्याचीच मशीनं सध्या दिवसभर चालू आहेत. आणि कोठ्याला दर वर्षी काही ना काही लागतंच. तरी तुमचा मुद्दा डोक्यात ठेवला आहे.

@लोखंडी_माणूस, समजलं. मग भिंतीसाठी काय? आणि ट्रॅक्टर?

लोखंडी_माणूस

भिंत विटेची असेल तर वायरचं साधं १३ मिमीचं इम्पॅक्ट ड्रिल, तीन-चार हजारांत मिळतं, घरात लाईट असतेच. कॉलम-बीमच्या काँक्रीटमध्ये भोक पाडायचं असेल तर ते ड्रिलही नुसतं किंचाळतं. तिथं रोटरी हॅमर पाहिजे, त्यात हवेच्या दाबानं पिस्टन ठोके मारतो आणि बिटही खाचांचं, एसडीएसचं असतं. पण एका टीव्हीसाठी ते घेऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट आपण पान्याला पाईप घालून, वर उभं राहून सोडवतो. ती ताकद इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेरची. त्याला सॉकेटचा अडॅप्टर लावून प्रयत्न करणारे असतात. अडॅप्टर पाव इंचाचा, आधी तोच तुटतो.

पत्रेवाला_औसा

मी १५ वर्षं हेच काम करायलो. आमच्या औसा-किल्लारी पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छपराखाली, झोपायला माणसं घाबरायला लागली. तवापासून इकडं पत्र्याचं काम कधी थांबलं नाही. तेव्हा माझं थोडं ऐका.

मशीनपेक्षा स्क्रू बसवायचं कळलं पाहिजे. तुम्हाला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतील, टोकाला ड्रिल असलेले. ५.५ मिमी जाडीच्या स्क्रूला बहुतेक ८ मिमीचं डोकं येतं, त्याला ८ मिमीचा मॅग्नेटचा सॉकेट घ्या, दोन घ्या, एक वरून खाली पडतोच. पाईपची जाडी २ मिमीच्या आसपास असेल तर साधं टोक चालतं. जाड अँगल असेल तर लांब टोकाचा स्क्रू मागा, नसता टोक जळतं आणि स्क्रू नुसता गरगर फिरतो.

नवशिका माणूस ट्रिगर पूर्ण दाबून मोकळा होतो. तसं करू नका. आधी हळू, दाब देऊन भोक पडू द्या. लई वेग दिला की टोकाची धार जाते. आणि स्क्रूच्या डोक्याखाली जो काळा रबरी वॉशर असतो ना, सगळं छप्पर त्याच्यावर आहे. इम्पॅक्ट ड्रायव्हरला क्लच नसतो. ड्रिलसारखं 'कट' करून थांबत नाही, तुम्ही बोट काढेपर्यंत आवळतच जातो. रबर चेपून कडेनं बाहेर आलं की तो स्क्रू पावसात गळणार म्हणजे गळणार. रबर पत्र्याला टेकलं, किंचित फुगलं, की बोट काढा. पहिले दहा स्क्रू भंगाराच्या पत्र्यावर मारून बघा.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, नाळीत नाही. पाणी नाळीतूनच वाहतं. वारं कडेनं आणि आढ्याजवळ जास्त उचलतं, म्हणून तिथं दाट मारा, मधे एक उंचवटा सोडून चालतो. तुमचे चार पत्रे कडेचेच उडाले असतील, बघा आठवून.

झाल्यावर पत्र्यावर पडलेला लोखंडाचा कीस झाडून काढा. पहिल्याच पावसात त्याचे तांबडे डाग पडतात आणि मग लोक पत्र्याच्या कंपनीला शिव्या देतात.

आखाड्यावरचा

@पत्रेवाला_औसा, दादा, अगदी बरोबर, चारही कडेचे! हे सगळं मी अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'या माणसाला बोलवून घे, मशीन कशाला घेतोस.'

निळी_छत्री

मी संभाजीनगरला फ्लॅटमध्ये राहते, पत्र्यांचा अनुभव शून्य. पण १२ व्होल्टचं मशीन तीन वर्षं वापरते आहे, म्हणून लिहिते. बॉशचं जीडीआर १२० आहे, पिळण्याची ताकद (टॉर्क) १०० न्यूटन मीटर. पडद्याचे रॉड, पलंगाची जोडणी, कपाटाच्या बिजागऱ्या, सगळं झालं. हलकं आहे, शिडीवर एका हातात बसतं. मोठं मशीन डोक्यावर धरून काम करून बघा एकदा, खांदे बोलतात.

दोन चुका मात्र केल्या. प्लायमध्ये बारीक स्क्रू मारताना क्षणात डोकं तुटलं, कारण तेच, क्लच नाही. आणि साधी बिटं वापरली, त्यांची टोकं पंधरा दिवसांत गोल झाली. 'इम्पॅक्ट'साठीची बिटं वेगळी असतात, मधे थोडी लवचीक. आवाजही फार. दुपारी वापरलं की खालच्या आजी वर येतात.

आखाड्यावरचा

@निळी_छत्री, ताई, मग १२ घेऊ की १८? एका दुकानात १८ म्हणतात, दुसऱ्यात २०. आणि ते १२८ काय प्रकरण आहे?

गोदाकाठ

नांदेडहून. १८ आणि २० हे एकच. आत पाच सेल असतात, प्रत्येकी ३.६ धरले तर १८. पूर्ण चार्ज झाला की प्रत्येक सेल ४.२ वर जातो, म्हणजे २१. कोणी १८ छापतं, कोणी २०. तसंच १२ वाल्यात तीन सेल, खरे १०.८.

'४८', '८८', '१२८' हे आकडे व्होल्ट नसतात. उघडून बघा, आत बहुधा तेच पाच सेल. मी स्वतः असं एक घेऊन बसलो आहे. पहिला महिना बरं चाललं, मग एक सेल बसला आणि बॅटरी अर्ध्या स्क्रूवर मान टाकायला लागली. दुकानदार म्हणाला, 'बॅटरीला वॉरंटी नसते.' तेव्हा दुकानातच दोन गोष्टी विचारा: सुटी बॅटरी मिळते का, आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे.

खरी ताकद किती वेळ पुरेल ते व्होल्ट गुणिले अँपिअर-आवर. १८ × २ म्हणजे ३६ वॉट-आवर. १०.८ × २ म्हणजे जेमतेम २१-२२. तुमच्याकडं २६ पत्रे, म्हणजे काही शे स्क्रू, आणि आखाड्यावर लाईटचा भरवसा नाही. म्हणून १८ आणि बॅटऱ्या दोन. एक वापरात, एक घरून चार्ज करून आणलेली. ब्रशलेस, म्हणजे बिनकार्बनच्या मोटरीचा, परवडला तर उत्तम, कमी तापतो, कार्बन बदलायची भानगड नाही. मकिताचा डीटीडी १५३ ब्रशलेस आहे, १७० न्यूटन मीटर. तुमच्या कामाला तेवढंही खूप झालं. बजेटमध्ये बसत नसेल तर साधा कार्बनवाला १८ घ्या, पण दुसऱ्या बॅटरीत काटकसर नको.

कंपनी निवडताना मशीन नाही, बॅटरी निवडता आहात असं समजा. उद्या त्याच बॅटरीवर ग्राइंडर, फवारणी पंप, ब्लोअर घ्याल.

आणि ऊन! इकडं मे महिन्यात ४२-४३ तर सावलीत असतं. बॅटरी पत्र्यावर ठेवू नका, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. तापलेली बॅटरी चांगला चार्जर घेतच नाही, दिवा लुकलुकतो आणि माणसाला वाटतं चार्जर गेला. सावलीत अर्धा तास थंड होऊ द्या. काम संपल्यावर महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्धी भरलेली ठेवा.

वाऱ्यावरची_वरात

माझा आक्षेप कायम आहे. पण ते '१२८' वालं माझ्या मेव्हण्यानं घेतलंय, हे आता त्याला कसं सांगू?

आखाड्यावरचा

अपडेट. १८ व्होल्टचा कार्बनवाला घेतला, २ अँपिअर-आवरच्या दोन बॅटऱ्यांसकट. बजेट थोडं ओलांडलं, घरी आकडा सांगितलेला नाही. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, असं तीन दिवस काम केलं. पहिल्या दिवशी सात-आठ स्क्रू जास्त आवळले गेले, रबर बाहेर आलं, ते काढून नवीन मारले. दुसऱ्या दिवसापासून आवाजावरून कळायला लागलं, 'टर्रर्र' सुरू झालं की लगेच बोट सोडायचं. खाली पडलेला सॉकेट अजून कडब्यात आहे.

एक प्रश्न राहिला. वाचलेले जुने पत्रे कोठ्यावर टाकलेत, त्यांना जे-हुकांची मोठी भोकं आहेत. ती कशी बुजवायची?

पत्रेवाला_औसा

भोक पाईपवर येत असेल तर ६.३ मिमीचा जाड स्क्रू आणि मोठा वॉशर. त्याचं डोकं १० मिमीचं असतं, सॉकेट वेगळा लागेल. मोकळ्या जागी असेल तर घासून, पुसून ब्यूटाइलची चिकटपट्टी लावा. नुसतं सिलिकॉन भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात सुटतं.

आखाड्यावरचा

धन्यवाद दादा. छप्पर झालं, पण अण्णांनी काल संध्याकाळी कडेच्या पत्र्यांवर चार दगड परत नेऊन ठेवलेत. म्हणे, असू दे.

पत्रेवाला_औसा

दगड काढा. त्याच्याखाली ओल धरून राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आखाड्यावरचा

ते तुम्हीच येऊन सांगा अण्णांना. चहा माझ्याकडं.