विषय: नागपूर मेळावा – सिनेमाचं मध्यंतर कुठे घ्यायचं? (उद्या रात्रीपर्यंत कळवा)

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी, डिसेंबरातल्या आपल्या मेळाव्यात दाखवायचा सिनेमा नक्की झाला, 'सेव्हन्टीन अगेन' (२००९). हॉल पाच ते आठ आपल्याकडे. सिनेमाची लांबी १०२ मिनिटं. मागच्या डिसेंबरात मध्यंतर ठेवलं नव्हतं आणि आजी-आजोबांचे किती हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे या वेळी हवंच. पण हॉलिवूडच्या सिनेमात मध्यंतराची जागाच नसते आणि हॉलच्या ऑपरेटरला कुठे थांबवायचं ते कागदावर लिहून हवंय. बरोबर अर्ध्यावर, ५१ मिनिटांनी थांबवू का? नागपूरच्या वेळेने उद्या रात्रीपर्यंत सांगा.

प्रेषक: धरमपेठ वहिनी

घड्याळ लावून थांबवू नका, कळकळीची विनंती. लहानपणी आम्ही सदरला इंग्रजी सिनेमे बघायचो. वाक्य अर्धवट तोडून दिवे लावायचे, आणि परत आल्यावर काय चाललं होतं तेच आठवायचं नाही. इथे तर अर्ध्या आजींना इंग्रजी संवाद कळणार नाहीत. त्यांच्यासाठी तरी मध्यंतर अर्थाच्या जागी हवं.

मी काल पुन्हा पाहिला. ३७ वर्षांचा माइक पुलावरून पडतो आणि १७ वर्षांचा होतो, ती जागा फार लवकर येते, लोक नुकते बसलेले असतात. माझं मत असं: तो आपल्याच मुलांच्या शाळेत नाव घालतो आणि मुलगा ॲलेक्स त्याला शाळेच्या संडासात चिकटपट्टीने जखडून ठेवलेला सापडतो, तिथे थांबवा. घरात बापाला ज्याचा पत्ता नव्हता ते तिथे दिसतं. सिनेमा खरा तिथे सुरू होतो.

प्रेषक: चहा-नाश्ता विभाग

वहिनी, मध्यंतराची वेळ चहावाल्याला मी सांगणार आहे, तेव्हा आधी मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. संडासाच्या प्रसंगावर दिवे लावायचे आणि हातात आलूबोंडा द्यायचा? कॅन्टीनच्या प्रसंगानंतर थांबवा. तिथे माइक बास्केटबॉल फिरवत ॲलेक्सला छळणाऱ्या दांडगट पोराला सगळ्यांसमोर गप्प करतो. लोक हसत बाहेर येतील.

प्रेषक: महालचे काका

सर्वांस नमस्कार. मध्यंतर कुठेही घ्या, परंतु सुरुवातीला दहा मिनिटं मला द्यावीत. मुलांना ही गोष्ट अमेरिकन वाटेल. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली म्हातारपण आलं आणि पुरूने त्याला आपलं तारुण्य दिलं, ही महाभारतातली कथा त्यांना कोण सांगणार? त्याच कथेवर खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. नातवंडांना एवढं तरी कळावं.

प्रेषक: शिवाजीनगर

काका, ययाती मुलाचं तारुण्य घेतो. इथे बाप मुलाकडून काही घेत नाही, उलट शेवटच्या सामन्यात चेंडू मुलाच्या हातात देऊन मैदान सोडतो. मी शिवाजीनगरच्या मैदानावर सात वर्षं बास्केटबॉल खेळलोय. सामना ऐन रंगात असताना हातातला चेंडू सोडणं काय असतं ते खेळलेल्यालाच कळेल. १९८९ च्या सामन्यातही त्याने स्कार्लेटसाठी, म्हणजे पुढे बायको झालेल्या मुलीसाठी, मैदान सोडलेलं असतं. तेव्हा सोडलं आणि पुढची वीस वर्षं त्याचा दोष बायकोला देत राहिला. दुसऱ्यांदा सोडतो तेव्हा तक्रार नसते. या दोन सोडण्यांतला फरक हाच सिनेमा आहे. काकांनी ययाती जरूर सांगावा, पण हा फरकही सांगावा.

प्रेषक: धंतोली

शेवट सांगून टाकलात हो! आमच्याकडे दोघांनी पाहिलेला नाही.

प्रेषक: खजिनदार

दोन गोष्टी. घरी बघायची डिस्क हॉलमध्ये लावता येत नाही. प्रवेश विनामूल्य असला तरी हक्कधारकांची परवानगी लागते. अर्ज केलाय, पैसे बाजूला काढलेत. दुसरं, हॉलचं भाडं जास्त का असं तिघांनी खाजगीत विचारलं. डिसेंबरात अधिवेशन असतं, अर्धी मुंबई नागपुरात उतरलेली असते. मिळाला हेच पुष्कळ.

प्रेषक: प्रतापनगर

अमेरिकेत याला पीजी-१३ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांना दाखवताना पालकांनी जपावं. वर्गात शिक्षिका निरोध वाटते असा प्रसंग आहे. माझी धाकटी नऊ वर्षांची आहे. आजीच्या मांडीवर बसून तिने ते पाहू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रेषक: धरमपेठ वहिनी

दादा, लहानांना शेजारच्या खोलीत खेळ ठेवू, तिथे मी थांबते. पण मोठ्यांसाठी तो प्रसंग गाळायचा नाही. माइकची स्वतःची मुलगी त्या वर्गात बसलेली असते आणि तो बापाच्या काळजीने बोलतो, फक्त चेहरा सतरा वर्षांच्या मुलाचा. झॅक एफ्रॉनचं सगळ्यात चांगलं काम तिथे आहे. त्याच माणसाचं मोठं वय मॅथ्यू पेरीने केलंय. पेरी २०२३ च्या ऑक्टोबरात गेला, ५४ वर्षांचा होता. काल पाहताना ते सारखं मनात येत होतं.

प्रेषक: रामदासपेठ ताई

मी सहसा लिहीत नाही. काल नागपूरला आईशी बोलताना हा सगळा वाद सांगितला, गोष्टही सांगितली. ती म्हणाली, माझं मत टाक. ती बोलली तसं टाइप करते आहे.

"मी शाळेत खो-खो खेळत होते. लग्न ठरलं, सुटलं. त्याचं मला आता काही वाटत नाही. मला कोणी म्हटलं ना, तुम्हाला परत सतरा वर्षांची करतो, तर मी मैदानात नाही जाणार बाई. मी तुझ्या दहावीच्या वर्गात येऊन बसेन. आपण आर्वीहून नागपुरात आलो तेव्हा त्या शाळेत वर्षभर तुझ्याशी कोणी बोलत नव्हतं. तू डबा तसाच परत आणत होतीस आणि मी रागावत होते, खात का नाहीस म्हणून. कारण मला फार उशिरा कळलं, तुझ्या मावशीकडून. तेव्हा तो मुलगा अडकलेला आहे ना, तिथेच थांबवा म्हणावं. नातवंडं इतक्या लांबून येऊन राहिली, चार दिवस राहतात, फोनवर नुसतं 'बरा आहे आजी' म्हणतात. चहा घेताना मला विचारता आलं पाहिजे, काय रे, तुझ्या शाळेत असं होतं का? कॅन्टीनमध्ये सगळं नीट झाल्यावर थांबवलं तर मग विचारायला काय उरलं?"

डब्याचं कारण आईला माहीत आहे, हे मला काल कळलं. त्यानंतर आम्ही तासभर बोललो.

प्रेषक: चहा-नाश्ता विभाग

ताई, आईंना नमस्कार सांगा. माझी हरकत मागे घेतो. आमचा मोठा सोळाचा आहे, गेल्या वर्षी त्याने शाळा बदलली. मी त्याला मार्कांपलीकडे काही विचारलेलं नाही. चहा मात्र वीस मिनिटांचा ठेवा, दहात बोलणं होत नाही. आलूबोंडे आधीच वाटू, मध्यंतराला फक्त चहा आणि संत्री. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात येणारी, असतील; पेटी मी कळमन्याच्या बाजारातून आणतो.

प्रेषक: महालचे काका

आईंचं पटलं. मला पाच मिनिटं पुरतील. शिवाजीनगरांनी सांगितलेला फरक मी त्यांचा म्हणूनच सांगेन.

प्रेषक: प्रतापनगर

निरोधाच्या प्रसंगाचं काय ठरलं?

प्रेषक: कार्यक्रम समिती

तेरा वर्षांखालची मुलं वहिनींबरोबर शेजारच्या खोलीत. ऑपरेटरला कळवलं: ॲलेक्स सापडतो तिथे थांबवा, नेमकं मिनिट वहिनी आज पाहून देतील. मध्यंतर वीस मिनिटं. खुर्च्या रांगेत न लावता, मध्यंतरात पाच-सहा जणांचे घोळके करून बसता येईल अशा ठेवू. आजी-आजोबांना आणायला गाड्या लागतील. कोणाकडे किती जागा आहे ते या मेलला उत्तर देऊन कळवा. मनीषनगर आणि बेसा भागातून अजून एकही गाडी नाही.